निरोपाचा आकडा

१

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी शाळेने त्यांना एक आकडा दिला.

ही त्या शाळेची जुनी रीत होती. बाकीच्या विषयांच्या शिक्षकांना निरोपाला घड्याळ मिळायचं, नाहीतर फुलदाणी. गणिताच्या शिक्षकाला मात्र आकडा. शिक्षकखोलीतल्या मंडळींनी आपापसात खलबतं करून एक भलीमोठी पूर्ण संख्या निवडायची, जाड कार्डावर लिहायची आणि पाकिटात घालून निरोपाच्या चहाला हातात ठेवायची. शिक्षकाने ती घरी नेऊन सवडीने फोडायची. कशाकशाने भाग जातो, मूळ संख्या आहे की नाही, तिच्या अंगात आणखी काय काय खोड्या आहेत, हे सगळं पत्राने शाळेला कळवायचं. यंत्राला हात लावायचा नाही, एवढी एकच अट. ती पत्रं शिक्षकखोलीतल्या फळ्यावर लागत. एका सरांना आकडा फोडायला अकरा वर्षं लागली होती. दुसऱ्या एका सरांना अर्धं मिनिट लागलं, कारण मंडळींनी घाईघाईत शेवटी शून्य असलेला आकडा दिला होता. ते सर पुढे शाळेच्या कुठल्याच कार्यक्रमाला आले नाहीत.

बाईंच्या कार्डावर होतं: २३२७९२५६१. तेवीस कोटी सत्तावीस लाख ब्याण्णव हजार पाचशे एकसष्ट.

"दिसतो तर साधा," घरी आल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"मीही साधाच दिसत होतो," नवरा म्हणाला. "लग्न झाल्यावर कळलं ना?"

नवरा टपाल कचेरीत गावोगावची पत्रं निवडायच्या टेबलावर पस्तीस वर्षं बसला. पोस्टमास्तर तो कधीच झाला नाही, पण गल्लीने त्याला ती बढती परस्पर देऊन टाकली होती, आणि मग आपणही त्यांना पोस्टमास्तरच म्हणू. जन्मभर पाकिटांवरचे आकडे मोठ्याने वाचून त्यांचा आवाज असा झाला होता की त्यांनी 'सात' म्हटलं की ते सातच असायचं, त्याला कुणी साठ ऐकलं नसतं. भागाकार मात्र त्यांना अजिबात येत नव्हता. बेरीज-वजाबाकीपर्यंत गाडी बरी चालायची, पुढे घाट लागायचा.

बाईंची भागाकाराची एक पद्धत होती, आणि शाळेत त्यांना पोरं 'भागाकारबाई' म्हणत ते त्यासाठीच. भागाकार करणाऱ्याने मोठी संख्या बघायचीच नाही. ती दुसऱ्याने समोर धरायची आणि एकेक आकडा सांगायचा. भाग देणाऱ्याने "पुढचा?" असं विचारायचं, आकडा आला की तो खाली उतरवायचा, भाग लावायचा, उरलं ते ठेवायचं, की पुन्हा "पुढचा?" सगळी संख्या एकदम दिसली की माणूस घाई करतो आणि घाई केली की अंदाज बांधतो, असं बाईंचं म्हणणं होतं.

तेव्हा घरात व्यवस्था अशी लागली. पोस्टमास्तरांना सहा महिन्यांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेला होता आणि दुपारी दोन तास आतल्या खोलीत पडून राहायची डॉक्टरांची ताकीद होती. बाईंनी ते कार्ड आतल्या कपाटाच्या दारावर चिकटवलं आणि त्यांची आरामखुर्ची त्याच्यासमोर ओढून ठेवली. स्वतः बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, जेवणाच्या टेबलावर चौकटीची वही घेऊन बसल्या. त्यांच्या चष्म्याची एक काडी निखळली होती, ती त्यांनी हिरव्या दोऱ्याने बांधली होती. नवा करू म्हणून तीन महिने झाले होते.

"पुढचा?"

"दोन."

"पुढचा?"

"तीन."

मधल्या भिंतीतून प्रश्न आत जाई आणि उत्तर बाहेर येई. दुपार कशी सरायची कळायचं नाही. लग्नानंतर इतकं सुख आपल्याला कधी लाभलं होतं का, असा बाईंना प्रश्न पडे, आणि उत्तर नाही असं येई.

२

दोनने भागलं, एक उरला. त्यात नवल नव्हतं, आकडा विषम होता. तीनने भागलं, एक उरला. चारने, पाचने, सहाने, एक. सातला पोस्टमास्तरांनी खोडी काढली. शेवटी 'एक' होता तिथे त्यांनी मुद्दाम 'चार' वाचला. बाकी चार आली. बाई चकित होऊन उठल्या, आत गेल्या, कार्ड बघितलं, तर हे महाशय खुर्चीत खुदुखुदु हसत होते.

"चुकीचं का वाचलंत?"

"त्याशिवाय तू आत येतेस कुठे? तास झाला, नुसता आवाज ऐकतोय. तोंड दाखवायचं नाव नाही."

बाईंनी त्यांना चांगलं झापलं. मग दोघांनी तिथेच चहा घेतला. त्यानंतर दोन-चार दिवसांआड असा एखादा आकडा चुकायचा आणि बाई आत जायच्या. बाईंना ते कळत होतं आणि आवडतही होतं, पण तसं बोलून दाखवतील तर त्या बाई कसल्या.

आठने एक. नऊने एक. तेराने एक. सतराने एक. वीसपर्यंत प्रत्येक भागाकाराच्या तळाशी तो एकुलता एक उभाच. बाईंनी शाळेत फोन लावला. विज्ञानाच्या सरांनी फोन घेतला आणि हसू दाबत कबूल केलं.

"आम्ही एक ते वीस सगळ्यांनी भाग जाणारी सगळ्यांत लहान संख्या काढली आणि तिच्यात एक मिळवला, बाई. म्हटलं, बाई निवृत्त झाल्या तरी आमच्यासाठी थोड्याशा उरायला हव्यात."

"म्हणजे वीसच्या पुढे काय ते ठाऊक नाही?"

"वीसच्या पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब."

वीसच्या पुढच्या मूळ संख्यांनी भागलं तर काहीही उरू शकत होतं. बाईंनी हिशेब मांडला. आकडा मूळ आहे की नाही हे पक्कं करायचं तर त्याच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे पंधरा हजार दोनशे सत्तावन्नपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. अशा मूळ संख्या सतराशे-अठराशे तरी निघणार. रोज एक म्हटली तरी पाच वर्षं.

"म्हणजे पाच वर्षं मला मरायला मनाई," पोस्टमास्तर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. झटका आला त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच भीती घर करून होती. घरात माणसं दोन, मूलबाळ नाही. दोघांतून एक गेलं की एक उरतं, याला काही गणिताची पदवी लागत नाही. आणि उरणार त्याच, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं. रात्री जाग आली की त्या नवऱ्याच्या छातीवर अलगद हात ठेवून बघायच्या. रोज वहीच्या तळाशी तो एक आकडा दिसला की त्यांना कसंतरी व्हायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण पन्नाशी उलटून गेलेल्या गणिताच्या बाईने आकड्याला भ्यावं, हे ऐकायला बरं दिसत नाही.

३

तेवीसचा दिवस मंगळवार होता.

बाईंनी भांडी आवरली, वही उघडली, पेन्सिलीला टोक काढलं. खिडकीतून उन्हाची पट्टी टेबलावर पडली होती. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातून यंत्राची घरघर येत होती.

"पुढचा?"

"दोन," आतून आवाज आला.

सगळं रोजच्यासारखं चाललं. दोन, तीन, दोन, सात, नऊ, दोन. पाच. आवाज जरा बसका वाटला. पोस्टमास्तरांना सर्दी होतेय की काय, संध्याकाळी वाफ द्यायला हवी, असं बाईंच्या मनात आलं. शेवटचे दोन आकडे आले, भाग लागला आणि तळाशी उरला एक.

 वीसच्या पुढेही एक? तेवीसचा आणि त्या एकाचा काही संबंध नव्हता. योगायोग असू शकतो, तेवीस शक्यतांमधली एक, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात बाहेरच्या दाराची किल्ली फिरली आणि पोस्टमास्तर आत आले. मानेवर पांढरी पावडर होती आणि केस कानांवरून चांगले बारीक कापलेले होते.

"काय गर्दी गं न्हाव्याकडे," ते चप्पल काढत म्हणाले. "दीड तास बसवलं मेल्याने. तू झोपली होतीस का? जाताना दोनदा हाक मारली मी."



"तुम्ही आत नव्हतात?"

"आत असतो तर हे केस काय उंदरांनी कुरतडले?"

बाई उठून आतल्या खोलीत गेल्या. खुर्ची होती, कार्ड होतं, खिडकी आतून बंद होती. पंखा बंद होता आणि खोलीत पडून राहिलेल्या दुपारचा वास होता. त्यांनी कपाटही उघडून बघितलं, आणि बघितल्याची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मग त्यांनी वही कार्डाशेजारी धरली. वहीत खाली उतरवलेले शेवटचे तीन आकडे पाच, चार, सहा असे होते. कार्डावर पाच, सहा, एक. म्हणजे कुणीतरी चुकीचं वाचलं होतं. खऱ्या आकड्यांनी त्यांनी पुन्हा भागलं तेव्हा बाकी सोळा आली.

४

बाईंचं डोकं तर्काचं. सत्तावीस वर्षं त्यांनी पोरांना हेच सांगितलं होतं की उत्तर विचित्र आलं तर आधी आपली पायरी तपासा, जग तपासू नका. म्हणून त्यांनी पायऱ्या तपासल्या.

पहिली शक्यता, त्यांना डुलकी लागली आणि आकडे स्वप्नात आले. पण वहीतलं अक्षर टापटीप होतं, झोपेतलं नव्हतं. दुसरी, दवाखान्यातला आवाज. तिथला मदतनीस रुग्णांना क्रमांकाने हाका मारतो खरा, पण क्रमाने मारतो, एकानंतर दोन आणि दोनानंतर तीन. दोन, तीन, दोन, सात असे रुग्ण कुठल्याच दवाखान्यात येत नाहीत. तिसरी शक्यता नवऱ्याची. खोडी काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. फोनमध्ये आवाज भरून ठेवला असेल तर? बाईंनी ते अंघोळीला गेल्यावर फोन चाळला. फोनमध्ये फुलझाडांचे फोटो होते आणि एका बेसुर पक्ष्याचं ध्वनिमुद्रण होतं, बाकी काही नाही.

आणि मुख्य अडचण निराळीच होती. ज्याने कुणी 'पाच सहा एक'चे 'पाच चार सहा' केले त्याने ते उगाच केले नव्हते. बाकी बरोबर एक उरावी म्हणून केले होते. त्यासाठी आधी सगळा भागाकार करून बघावा लागतो. पोस्टमास्तरांना तर तेवीसचा पाढाही येत नव्हता.

शुक्रवारी दोघं तपासणीला गेली. डॉक्टरांनी कागद उलटेपालटे केले, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "हे तर आता माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. पंधरा-वीस वर्षं काळजी नको."

"लिहून द्या," पोस्टमास्तर म्हणाले, "ही विश्वास ठेवायची नाही."

खरंच बाईंनी ठेवला नाही. डॉक्टर धीर द्यायला बोलतात, हे त्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर एकोणतीसची पाळी होती. चालून आल्यामुळे पोस्टमास्तर बाहेरच्याच खोलीत, बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. तोंड अर्धवट उघडं, हात पोटावर. बाईंनी वही उघडली होती, पण आज त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्या नुसत्या पेन्सिल धरून बसल्या होत्या.

"दोन," आतून आवाज आला.

समोर पोस्टमास्तर संथपणे घोरत होते.

  तरी बाईंच्या तोंडातून शब्द गेलाच, सवयीने, अगदी हलकेच. "पुढचा?"

"तीन," आतला आवाज लगबगीने म्हणाला, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होता.

बाईंनी सगळे नऊ आकडे उतरवून घेतले. न घेऊन करतात काय. शेवटचे तीन या वेळी पाच, चार, दोन होते, आणि एकोणतीसने भागल्यावर उरला एक. त्यांनी खऱ्या आकड्यांनी पडताळलं. वीस उरायला हवे होते.

आवाज पोस्टमास्तरांचाच होता. 'सात' तर शंकाच नको. फक्त तो थकलेला होता आणि जरा जास्तच मोठा होता. ज्याला स्वतःचं बोलणं नीट ऐकू येत नाही असा माणूस बोलतो, तसा.

५

बाईंनी कानाला खडा लावला. भागाकार बंद.

"अगं, शाळेला काय कळवणार?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"डोळ्यांना ताण पडतोय."

"मग चष्मा कर ना नवा. तो हिरवा दोरा बघून लोक मला हसतात. म्हणतात, पोस्टमास्तरला बायकोच्या चष्म्याला पैसे जड झाले."

पोस्टमास्तर दुपारी बाहेरच्या खोलीत पडू लागले, कारण वाचायचं नाही तर आत एकट्याने कशाला बसायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आतली खोली दुपारभर रिकामी. आणि ती रिकामी खोली वाचायला लागली.

बाई भाजी निवडत असल्या तरी ऐकू यायचं. "दोन." मग बराच वेळ शांतता. एखादा माणूस प्रश्नाची वाट बघून थांबतो तेवढी. मग पुन्हा, "दोन." पुढे जातच नव्हता आवाज. कुणी 'पुढचा?' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम त्याला पाठ होता. पोस्टमास्तरांना काही ऐकू येत नव्हतं, ते बातम्या वाचत असायचे. बाईंनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुम्हाला काही आवाज येतोय?" ते म्हणाले, "दवाखान्यात कुणीतरी ओरडतंय. दाढ असणार."

पाच दिवस त्यांनी असे काढले. भीती वाटत होती हे खरं, पण चौथ्या दिवसापासून भीतीपेक्षा दुसरंच काही वाटायला लागलं. तो 'दोन' ऐकला की त्यांना राहवेना. वर्गात एखादं पोर हात वर करून बसलेलं असावं आणि आपण मुद्दाम त्याच्याकडे बघू नये, तसं वाटायचं. बाईंनी तसं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी पोस्टमास्तर गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांची बेसुर शीळ स्पष्ट ऐकू येत होती. त्याच वेळी आतून आलं, "दोन."

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्या आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं नाही. फटीतून जेवढं दिसलं तेवढंच त्यांनी बघितलं.

आरामखुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. मान बारीक झालेली, कॉलरमध्ये सैल. डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र आणि मागे वाढलेले, बरेच दिवस न्हाव्याकडे न गेल्यासारखे. सदऱ्याला इस्त्री नव्हती. एक हात कार्डाकडे उचललेला होता आणि बोट पहिल्या आकड्यावर टेकलेलं होतं. दुसरा हात कानामागे होता. चेहरा किंचित दाराकडे, बाहेरच्या खोलीकडे वळलेला, ऐकण्यासाठी. चेहरा बाईंना दिसला नाही. कानावरची चष्म्याची काडी तेवढी दिसली.

काडी हिरव्या दोऱ्याने बांधलेली होती. दोरा विटून पिवळट झाला होता.

बाईंनी आपला हात स्वतःच्या कानापाशी नेला. चष्मा तिथेच होता, त्यांच्या नाकावर, हिरवागार दोरा बोटांना लागला. गॅलरीत शीळ चालू होती. त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा खुर्चीत कुणी नव्हतं.

६

बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. ओट्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आपल्याला रडू येईल अशी त्यांची अपेक्षा होती, पण झालं उलटंच. त्यांना हायसं वाटलं. छातीवरून कुणीतरी धोंडा उचलावा तसं. ते जात नाहीत. आधी ते जात नाहीत. सहा महिने रात्री उठून उठून ज्याच्यासाठी श्वास मोजले तो माणूस म्हातारा होतो, केस पांढरेशुभ्र होतात, कानाला कमी ऐकू येतं, पण असतो. डॉक्टर खरं बोलत होते. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.

मग दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. खुर्चीतल्या माणसाच्या कानावरचा चष्मा त्यांचा होता, म्हणजे तेव्हा त्यांना स्वतःला तो लागत नव्हता.

तेही त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही. कधी, कसं, हे त्या खोलीने सांगितलं नव्हतं आणि बाईंना ते विचारायचंही नव्हतं. त्यांना लागलं ते वेगळंच. तो सदरा. ते वाढलेले केस. आणि मुद्दाम चुकवलेले आकडे. चुकीचा आकडा वाचला की बायको उठून आत येते, झापते, मग बसून चहा पिते, हे त्या खुर्चीतल्या माणसाला आठवत होतं. म्हणून तो बिचारा बसून आधी आख्खा भागाकार करत होता, बाकी एक येईल असे आकडे शोधून काढत होता आणि रिकाम्या घरात ते मोठ्याने वाचत होता.

बाई टेबलापाशी येऊन बसल्या. वहीचं नवं पान काढलं, वर एकतीस लिहिलं. शेवटच्या बाकावर ऐकू जावं असा आवाज लावला.

"पुढचा?"

 आतली खुर्ची करकरली.

"दोन!" आवाज इतका खूश होता की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुढचा?"

"तीन!"

त्यांनी घाई केली नाही. प्रत्येक आकडा नीट उतरवला, प्रत्येक भाग नीट लावला. शेवटी पाच, चार, आठ असे आकडे आले आणि तळाशी उरला एक, उरायला हवे होते चौदा. बाई उठल्या, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर गेल्या आणि रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या, "काय हो हे? नीट वाचता येत नाही का?"  मग त्या थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. तिथे त्यांना भीती वाटली नाही, आपल्याच घरात वाटावं तसंच वाटलं.

"कुणाला झापतेस?" गॅलरीतून पोस्टमास्तर ओल्या हातांनी आत आले.

"तुम्हालाच. इकडे या. बसा इथे, माझ्या जागेवर."

"मी?"

"आजपासून आकडे मी सांगणार. भागाकार तुम्ही करायचा."

पोस्टमास्तर खुर्चीत बसले खरे, पण वहीकडे असे बघू लागले की जणू तिच्यात विंचू आहे. "अगं, शाळेत मास्तरांनी हात टेकले माझ्यापुढे. या वयात काय जमणार? आणि गरजच काय? घरात भागाकारबाई असताना मी कशाला डोकं फोडू?"

बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं. ती त्यांच्या बोटांत ठेवली, वर्गात पहिल्या दिवशी लहान पोरांच्या बोटांत ठेवायच्या तशी, आणि त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली.

"मी आहे तोवर शिकून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि उठताना मला विचारा, इस्त्री कुठे ठेवलीय ते."